धसईतून जाणारं मत

अमेरिकेची मतपत्रिका मी पहिल्यांदा पाहिली ती धसईत, माझ्या स्वतःच्या दुकानात. बाजाराच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणं, असली कामं असतात. त्या दिवशी बाजार होता. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, सुती साडी आणि तिच्यावर खिसेवाला पुरुषी शर्ट, अशा एक सत्तरीच्या बाई आत आल्या. माझ्यासमोर मोबाइल धरून म्हणाल्या, "हे छापून दे गो. पण वाचायचं नाय."

"किती कॉपी?"

"एकच. एका माणसाला एकच मत."

चार पानं निघाली. त्या लॅमिनेशनच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या, काळं पेन काढलं आणि मला सांगितलं, "आता रस्त्याकडं तोंड करून उभी राहा." मी उभी राहिले. तेवढ्यात एकजण वांग्यांची पाटी खाली ठेवून आधारची झेरॉक्स काढायला आला. मी त्याला थांबवलं.

"मतदान चाललंय."

"कुठलं?"

"अमेरिकेचं."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा आत बघितलं. मग काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या शेजारी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आत बाई एकेक गोल काळा करत होत्या. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं बाजार बघत होतो.

नंतर त्यांनीच मला सांगितलं, पत्रिका मोबाइलवर येते, ती छापून, भरून टपालाने परत पाठवायची असते आणि त्या चार पानांत राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशापर्यंत आणि शाळेच्या समितीपासून मेलेल्या माणसाची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे असतात. मी म्हणाले, "मेलेल्याचा अधिकारी पण मतदानानं?" त्या म्हणाल्या, "त्याला तर मी सगळ्यात नीट बघून मत देते. बाकीच्यांनी चूक केली तर तक्रार करता येते."

गावात त्यांना शिष्टरबाय म्हणत. मी सिस्टर म्हणायचे. त्या धसईच्याच. वडील दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करायचे, त्यात माझ्या सासरची खाचरंही आली. सिस्टर पाच-सहा वर्षांच्या असताना घरातले जुने देव गेले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. त्याच सुमारास वडिलांनी ठरवलं की घरातल्या मुली शिकणार. चार मुलींतल्या या चौथ्या. मुंबईला नर्सिंग केलं, तिथून अमेरिकेला गेल्या आणि तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात तीसहून जास्त वर्षं काढली. नवरा तिकडेच भेटला, तिकडेच वारला. मुलगा तिकडेच असतो. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे राहतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्यांनी गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आणि येऊन राहिल्या.

त्यांची भाषा ऐकण्यासारखी होती. त्या गेल्या तेव्हा धसईत जसं बोलत तसंच त्या अजून बोलत. गावाची बोली इतक्या वर्षांत पुढे सरकली, पोरं 'टाइम नाय' म्हणायला लागली, सिस्टर मात्र 'सवड नाय' म्हणायच्या. अधूनमधून त्यांच्या तोंडून असा एखादा शब्द यायचा की माझ्या सासूबाई मागच्या घराच्या दाराआडून ऐकून थबकायच्या. "हे माझी आय बोलायची," असं मला नंतर सांगायच्या. पण स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. आमच्या घरातल्या कोणी सिस्टरांच्या वस्तीत जाऊन चहा पिण्याची पद्धत नव्हती. पूर्वी कोणी तसं उघड बोलायचं, आता कोणी बोलत नाही, एवढाच फरक होता.

सिस्टरांनी तिकडचं नागरिकत्व घेतलेलं होतं, त्यामुळे इथं त्यांचं मत नव्हतं. ग्रामपंचायतीचे उमेदवार हात जोडत घरोघर फिरायचे आणि त्यांच्या दारावरून पुढे निघून जायचे. त्या ओट्यावरून हाक मारायच्या, "अरे, मत नाय पण प्रश्न आहेत ना माझ्याकडं!" कोणी थांबत नसे.

"राहते तिथं मत नाय, मत आहे तिथं राहत नाय," त्या मला म्हणायच्या. "माझ्या मताचं जे होईल ते तिथल्या लोकांनी भोगायचं. मंग मला नीट विचार करायला नको?"

आणि नीट म्हणजे अगदी परीक्षेसारखा. त्यांची दोनशे पानी वही होती. एकेका प्रश्नाला एकेक पान: दवाखाने, बंदुका, बाहेरून येणारी माणसं, युद्धं, शाळा. प्रत्येक पानावर स्वतःचं मत पेन्सिलीने लिहिलेलं. मी विचारलं, पेन्सिल का? म्हणाल्या, "पत्रिकेवर शाई लागते, तिथं इलाज नाय. घरात तरी खोडायला जागा असू दे."

पण आपल्या एकटीच्या मतावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्या माझ्या दुकानात येऊन बसायच्या आणि सातबाऱ्यासाठी थांबलेल्या माणसांना विचारायच्या. कोणी नुसतं सर्व्हर कधी चालू होईल याची वाट बघत असायचा आणि त्याला अचानक प्रश्न यायचा, "मला सांग भाऊ, बंदूक कुणाकडं असावी?"

हा प्रश्न त्यांनी एकदा बरोबर माणसाला विचारला. तो शेतकरी रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक ठेवायचा आणि निवडणूक जाहीर झाल्यामुळे ती पोलीस ठाण्यात जमा करायला निघाला होता. परवान्याची झेरॉक्स हवी होती. आधीच वैतागलेला.

"मत मी देणार, बंदूक काय मत देणाराय? नि तेवढ्या दिवसांत डुकरं काय आचारसंहिता पाळतात?"

सिस्टर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. त्याच्या बंदुकीची सगळी माहिती काढून घेतली: परवाना कसा मिळाला, चौकशी कोणी केली, दरवर्षी काय दाखवावं लागतं. मग स्वतःचं सांगितलं. "आमच्या हॉस्पिटलात गोळी लागलेलं पोर आणायचे. आय मागून धावत यायची. तिच्या हातात पोराचा एक बूट असायचा. पोराला आत घेतलं की तो बूट कुठं ठेवायचा ते तिला कळायचं नाय. मी किती बूट घेतलेत हातात, सांगू नाय शकत."

शेतकऱ्याने परवान्याचा कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग घ्या ना सगळ्या काढून."

"ते पण नाय ना जमत मला बोलायला. आमच्याच घरात होती एक. गाव लांब, बर्फ पडला की पोलिसांना यायला तास लागायचा. नवरा रात्रपाळीला, मी पोराला घेऊन एकटी. उशाला ती आहे म्हणून झोपलेली आहे मी." मग म्हणाल्या, "तुझ्यासारखं असावं. परवाना असावा, कुणीतरी दारात येऊन चौकशी करावी, आणि सांगितलं की जमा करावी. बडबड केली तरी चालंल."

पुढचा आठवडाभर तो माणूस, अमेरिकेत आता आपल्या पद्धतीनं चालणार आहे, असं धसईत सांगत फिरत होता.

दवाखान्याचं त्यांचं मत मात्र पक्कं होतं. गावातली एक बाई कापणीत साप चावून सरकारी दवाखान्यात लशीवर वाचली, त्या दिवशी त्या सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, तिला कुणी दारात विचारलं नाय, तुझा विमा कुठला." तिकडे एक माणूस छातीत कळ घेऊन हॉस्पिटलच्या आवारात गाडीतच दोन तास बसून राहिला होता, बिलाच्या भीतीने. "दरवाजा दिसत होता गो त्याला," त्या म्हणायच्या, "काचेचा दरवाजा. आत मी उभी."

पक्षांचं त्यांना अवघड जायचं. तिकडे एक लाल समजला जातो, एक निळा. निळा म्हटल्यावर इथले लोक म्हणायचे, मग तुमचं ठरलेलंच. त्यांना राग यायचा. "माझ्या घरातला निळा वेगळा नि तो वेगळा. रंगावरून मत द्यायचं तर साडीच्या दुकानात जाईन." मुलगा एका रंगाचा कट्टर होता आणि आई ठरलेल्या रंगाची नाही याचा त्याला त्रास व्हायचा. दर रविवारी फोनवर दोघांची जुंपायची. म्हसा गावच्या जत्रेला मी त्यांच्याबरोबर गेले होते, तिथे बैलबाजारात त्यांनी एका व्यापाऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आख्ख्या बाजारात दोनच बैल? एक मारका, एक बसका, नि एक घेतल्याबिगर घरी जायचं नाय?" सिस्टर इतक्या हसल्या की खाली बसल्या. तिथूनच मुलाला फोन लावला, तिकडे पहाट होती, तरी लावला.

एका प्रश्नावर मात्र मी त्यांना अडकलेलं पाहिलं. बाहेरून बिनकागदांची येणारी माणसं. यावर त्या कडक होत्या. "मी रांगेत उभी राहिले. परीक्षा दिल्या, कागद गोळा केले, वर्षं घालवली. मंग दुसरा कुणी कुंपण ओलांडून कसा येतो?" हे त्या ठासून सांगायच्या.

त्याच सुमारास कातकरी वस्तीतल्या लोकांचे दाखले काढायचं काम माझ्याकडे आलं. वीटभट्टीवर जाऊन-येऊन असलेली माणसं. कोणाचा जन्म नोंदलेला नाही, कोणाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे. सिस्टर रोज येऊन बसायला लागल्या. एकेका आजीला विचारून-विचारून तिचं वय काढायच्या: पहिलं पोर झालं तेव्हा अमुक धरण बांधत होते का, मोठा पूर आला तेव्हा तू केवढी होतीस. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी दुकानात बसलेले माझे सासरे म्हणाले, "शिष्टरबाय, तिकडं कागद नसलेल्यांना हाकला बोलता नि हितं कागद करून देता. ह्ये कसं?"

सिस्टरांनी हातातला फॉर्म खाली ठेवला.  "ती इथलीच आहेत ना," एवढं म्हणाल्या आणि स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नसावं. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या सरळ सासऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. "आबा, तुमचं बरोबर आहे. माझं मत नि माझे हात एका दिशेला जात नायत. मत बदलंल का नाय, ते अजून सांगता येत नाय. पण चूक दाखवलीत, उपकार झाले." माझ्या सासऱ्यांना कोणी, तेही एका बाईने, असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ऐकायची सवय नसावी. ते उठून पाणी प्यायला गेले.

आता मला माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय सिस्टर पूर्ण होत नाहीत.

मला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी किती नवस बोलले असतील त्यांनाच माहीत. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेलो. मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं, कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि मला आणि माझ्या मिस्टरांना खुर्चीवर बसवून सांगितलं. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नव्हती. पोटात आहे तोवर आहे. जन्मल्यावर काही तास, फार तर एखादा दिवस.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मशिनी चुकतात. देवाला काय अशक्य आहे?" सासरे म्हणाले, घाई नको. मिस्टर काहीच बोलले नाहीत. ते वाईट नाहीत, पण घरात आई एक आणि बायको एक सांगत असली की त्यांची जीभ टाळूला चिकटते. चार दिवस मी दुकानात बसून लोकांचे फॉर्म भरत होते आणि पोटात बाळ हलत होतं.

चौथ्या दिवशी मी सिस्टरांकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतले, चष्मा लावून वाचले, घडी घातली. माझ्यासमोर बसल्या.

"तुला माझं मत हवं आहे ना?"

मी मान हलवली.

"ते नको घेऊस. माझं मत खराब आहे." मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी मुलालाही सांगितलेलं नव्हतं. तीन मुलींनंतर त्यांच्या आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा घरात खायला नव्हतं. आजी आईला सुईणीकडे घेऊन गेली. पाला वाटून दिला, पोट चोळलं, सगळं केलं. आई मरता-मरता वाचली आणि पोटातलं पोर पडलंच नाही. "ते पोर म्हणजे मी. आयनंच सांगितलं मला, मी अमेरिकेला निघाले तेव्हा. रडत-रडत माफी मागितली. म्हणून तिकडं नोकरी लागली त्याच दिवशी मी लिहून दिलं, या कामाला मी हात लावणार नाय. कायद्यानं तशी मुभा होती. तीस वर्षं कधी त्या खोलीत गेले नाय. तिकडं या प्रश्नावर लोक भांडतात, मोर्चे काढतात, मी कधी भांडले नाय. मी नुसती पत्रिकेत 'नको'वर खूण करत आले."

मी रडायला लागले. मला वाटलं, आता हे दारही बंद झालं.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे माझं झालं. माझ्या जन्मावरून मी ठरवलेलं. तुझं तुला ठरवायचं आहे. आणि एक सांगते, आपल्याकडं कायद्यानं सही फक्त तुझी लागते. नवऱ्याची नाय, सासूची नाय. कुणी मागितली तर मला सांग. तू ठेवायचं म्हणालीस तर शेवटपर्यंत मी तुझ्याजवळ आहे. नाय म्हणालीस तरी मी तुझ्याजवळ आहे. दोन्हीकडं येईन. फक्त एकटी जायचं नाय."

मी रात्रभर विचार केला नाही. खरं तर मी आधीच ठरवलेलं होतं, मला फक्त कोणीतरी बरोबर हवं होतं. मी मिस्टरांना सांगितलं, उद्या मी कल्याणला जाते. ते म्हणाले, "मी येतो." पहिल्यांदा आईला न विचारता म्हणाले.

हॉस्पिटलात दोन दिवस लागले. गोळ्या दिल्या, कळा सुरू झाल्या. मिस्टर बाहेर बाकावर बसून होते. सिस्टर माझ्या उशाशी. डॉक्टरीणबाईंना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मी जुनी नर्स आहे, मला आत येऊ द्या, मध्ये बोलणार नाही. त्यांचा हात माझ्या कमरेवर होता, कळ आली की बरोबर जागेवर दाबायचा, गेली की सैल व्हायचा. तीस वर्षं ज्या खोलीच्या दाराशी त्या गेल्या नव्हत्या, त्या खोलीत त्या माझ्यासाठी दोन दिवस उभ्या होत्या. मध्येच मी बघितलं तर त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मात्र माझ्या कमरेवरून हलला नाही.

सगळं झाल्यावर बाळाला त्यांनीच पुसलं आणि आणलेल्या मऊ सुती कपड्यात गुंडाळलं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बघायचं आहे का? बघितलंस तरी बरोबर, नाय बघितलंस तरी बरोबर."

मी म्हणाले, "फक्त पाय."

त्यांनी कपड्याची खालची घडी उघडली. दोन पाय, दहा बोटं, अगदी नीट. मी बोट लावून पाहिलं. मग त्यांनी घडी पुन्हा घातली, जसं थंडीत बाळाचे पाय झाकतात तशी.

घरी आल्यावर सासूबाई माझ्याशी बोलेनात. शिष्टरबायनं सुनेला फितवलं, असं शेजारी सांगितलं. एक दिवस त्या दुकानात आल्या, सिस्टर बसलेल्याच होत्या. सासूबाईंनी उभ्या-उभ्या विचारलं, "मुलगा होता का?"

"बाळ होतं," सिस्टर म्हणाल्या.

सासूबाई तशाच परत गेल्या. पण भात कापून झाल्यावर, नवा तांदूळ घरात आला तेव्हा, त्यांनी शेरभर तांदूळ फडक्यात बांधला आणि मला म्हणाल्या, "चल. तिच्याकडं जायचं आहे." आमच्या घरातलं माणूस त्या घरात पहिल्यांदाच जात होतं, मी सोडून. सिस्टर बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी प्यायच्या, घरात दुसरं काही नव्हतं. सासूबाईंनी पहिल्या घोटाला डोळे मिटले, पण पेला रिकामा केला. मग खाली बघत म्हणाल्या, "माझं पण एक गेलं होतं. सातव्या महिन्यात. नेऊन पुरलं. बघायचं आहे का, असं मला कुणी विचारलं नाय." सिस्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. 

त्याच हंगामात त्यांची पुढची मतपत्रिका आली. त्या वर्षी त्यांच्या राज्यात एक प्रश्न थेट लोकांपुढे ठेवला होता: गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय बाईचा, असं राज्याच्या स्वतःच्या घटनेत लिहायचं का? हो किंवा नाही. मी छापून दिली आणि सवयीने रस्त्याकडे तोंड केलं. बाकीचे गोल भराभर झाले असावेत. मग पेनचा आवाज थांबला.

"पोरी," मागून हाक आली. "त्या दिवशी मी तुला नाय म्हणाले असते, येत नाय म्हणाले असते, तर तू काय केलं असतंस?"

मी वळले नाही. "गेले असते. एकटी गेले असते."

"हं."

थोड्या वेळाने पाकीट बंद केल्याचा आवाज आला. मी वळले तेव्हा वही उघडी होती आणि त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. त्या पानावर जुनी ओळ होती: 'आईला जमलं असतं तर मी नसते.' ती खोडलेली नव्हती. खाली ताजं लिहिलेलं होतं: 'तरीही सही तिचीच.'

"दोन्ही खरं आहे," त्या म्हणाल्या. "पत्रिकेवर एकच गोल भरता येतो, त्याला मी काय करू?"

पाकीट पोस्टात टाकायला आम्ही दोघी एसटीने मुरबाडला गेलो. निकाल लागला तेव्हा मी मोबाइलवर बघून धावत सांगायला गेले. त्या ओट्यावर कपडे वाळत घालत होत्या. मी म्हणाले, "सिस्टर, 'हो' निवडून आलं." त्यांनी चिमटा लावला, म्हणाल्या, "बरं झालं," आणि पुढचा कपडा झटकत, "आता आय असती तर मीच तिची माफी मागितली असती."

सिस्टर गेल्या त्याला आता वर्ष होईल. श्रावणात छातीत दुखलं, मुरबाडपर्यंत नेलं, तिथेच गेल्या. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी मला एक काम सांगून ठेवलं होतं. "मी गेले की तेरावं-बिरावं काय नाय करायचं. पहिलं माझं नाव तिकडच्या यादीतून काढायचं. मेलेल्यांच्या नावावर मतं पडतात म्हणून तिकडं बोंब आहे. खरी का खोटी देव जाणे, पण माझ्या नावावर पडता कामा नाय." मुलगा आला, अंत्यविधी झाला, तोही रडला आणि म्हणाला की दर रविवारी आता कोणाशी भांडू. फॉर्म मात्र मीच भरला. तिने सांगितलेलं काम तुम्हीच करा, म्हणाला. नाव, जन्मतारीख, पत्ता. कारणाच्या रकान्यात मृत्यू. इतक्या लोकांचे इतके फॉर्म भरलेत मी, पण तो एक पाठवायला मला अर्धा दिवस लागला.

मला वाटलं, मशीनचं छापील उत्तर येईल. चार दिवसांनी तिथल्या निवडणूक कचेरीतल्या एका बाईची मेल आली, तिने स्वतः लिहिलेली. नाव काढलं आहे, असं आधी कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं की आम्हा कर्मचाऱ्यांच्या या मतदार आठवणीत आहेत, कारण मतपत्रिकेच्या बाहेरच्या पाकिटात दरवेळी त्यांची एक चिठ्ठी असायची. शेवटच्या चिठ्ठीतलं त्या बाईने उतरवून पाठवलं होतं: 'हे मत भारतातल्या धसई गावात एका मैत्रिणीने छापलं आहे. तिने मला एका प्रश्नावर नीट विचार करायला शिकवलं. जपून मोजा.' खाली तिने लिहिलं होतं, आम्ही जपून मोजलं, ते छापणाऱ्या मैत्रिणीला सांगा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मी त्यांना शिकवलं, असं त्यांनी साता समुद्रापलीकडच्या माणसांना कळवलं होतं आणि मला कधी बोलल्या नव्हत्या. गिऱ्हाईक ओट्यावर थांबलेलं होतं. मी त्याला म्हणाले, थोडं थांबा, आणि प्रिंट काढून मागच्या दाराने घरात गेले. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि एकेक ओळ मराठी करून वाचून दाखवली.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पदराने तोंड पुसलं.

"परत वाच गो," त्या म्हणाल्या.